आधी राख कोणी टाकायची

सावागुची हिसाए ही बाई रागीट आहे, हे कामिनाईच्या खोऱ्यात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. वय एकसष्ट, उंची बेताची, खांदे रुंद, आवाज दोन शेते ओलांडून जाणारा. तिला चिडायला मोठे कारण लागत नाही. ओले हातमोजे तसेच घालून आलेला पाहुणा, झाकण नीट न लावलेला थर्मास, रस्त्यावरचा बर्फ नेमका तिच्याच दारात लोटून जाणारे यंत्र, आणि काही कारण नसताना हसत बोलणारी माणसे, यांतले काहीही पुरते. तरीही हिवाळ्यात स्नोमोबाईल ही बर्फावरची गाडी चालवायला येणारे पाहुणे ‘आम्हाला ती ओरडणारी बाई द्या’ असे सांगून तिलाच मागून घेत. त्यांना वाटे, ओरडणे हा खेळाचाच भाग आहे. तसे काही नव्हते. ती खरोखरच ओरडत असे.

“अंगठा हळू दाबा म्हटलं ना! लिफ्टचं बटण आहे का ते? आणि वळताना अंग आत टाका, आत! खुर्चीत बसल्यासारखे काय बसलात, जेवायला वाढू का?”

पाहुण्यांना तिच्या जपानीतले एक अक्षर कळत नसे, पण अंग आत जात असे.

ती मूळची या खोऱ्यातली नव्हे. समुद्रकाठच्या गावातली, खेकडे पकडणाऱ्याची मुलगी. चोविसाव्या वर्षी योशिरोशी लग्न होऊन ती इथे शेतात आली, तेव्हा तिला गहू फक्त नूडल्सच्या रूपात माहीत होता. पहिल्याच मार्चमध्ये योशिरोची कंबर धरली. सासऱ्याने तिला स्नोमोबाईलवर बसवले, मागे राखेचे यंत्र जोडले आणि “सरळ जा, सरळ ये,” एवढे दोन शब्द शिकवून तो घरात गेला. ती सरळ गेली आणि सरळ आली. त्यानंतर सदतीस मार्च ती हेच करत आली आहे.

या खोऱ्यात स्नोमोबाईल ही मौजेची वस्तू कधीच नव्हती. सप्टेंबरात पेरलेला गहू बोटभर वाढतो आणि बर्फाखाली झोपतो. तिथे तो चारेक महिने निभावतो. त्याहून जास्त दिवस बर्फ अंगावर राहिला की पाती बुरशीने सडतात. म्हणून मार्चच्या सुरुवातीला बर्फावर काळी राख फेकायची. काळ्यावर ऊन धरते आणि बर्फ दहाबारा दिवस आधी उतरतो. ट्रॅक्टर बर्फात रुतेल, माणूस कमरेएवढा बुडेल, त्यामुळे हे काम स्नोमोबाईलनेच होते. मार्चमध्ये आमच्या टेकड्या काळ्या पडतात, आणि आमच्या डोळ्यांना त्या तशाच बऱ्या दिसतात.

योशिरो सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आमामिया नावाचा चाळिशीचा माणूस तोक्योहून आला. खोऱ्याच्या तोंडाशी बंद पडलेली शाळा त्याने घेतली, वर्गांमध्ये बूट, हेल्मेटे आणि गरम सुपाची पातेली मांडली, मैदानात दहा नव्या कोऱ्या स्नोमोबाईल उभ्या केल्या. मग हिसाएच्या दारात येऊन म्हणाला, “तुम्ही मला शिकवाल का? आणि माझ्या पाहुण्यांना?” तिने त्याच्या तोंडावर दार लावले. तिसऱ्या दिवशी तो गाडीसकट तिच्या शेताच्या पाटात पडला. तिने शिव्या देत त्याला दोरीने बाहेर ओढला, आणि ओढता ओढताच कुठे चुकले ते समजावून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली.

तिला हे काम आवडत होते. ती मरेपर्यंत कबूल करणार नाही, म्हणून इथे सांगून टाकलेले बरे. बत्तीस वर्षे ती या खोऱ्यात कोणाची तरी सून आणि कोणाची तरी बायको होती. ‘मला शिकवाल का’ असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

या वर्षी बर्फ नोव्हेंबरच्या मध्यालाच बसला आणि उठायचे नाव घेईना. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वस्तीच्या खोलीत बैठक झाली. सात घरांची सात माणसे चटईवर बसली होती. आमामिया गोड घेवड्याचे सारण भरलेल्या बनांचा खोका घेऊन आला, गुडघ्यांवर बसला आणि आढेवेढे न घेता बोलला.

“या वर्षी वीस मार्चपर्यंत पाहुणे भरलेत. पांढऱ्या टेकड्या दाखवतो असं सांगून बोलावलंय त्यांना. राख विसाच्या नंतर टाकली तर माझ्यावर फार उपकार होतील. पण कोणाला अडचण असेल तर स्पष्ट सांगा. मला वाईट वाटणार नाही.”

आता आमच्याकडे समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. दातांतून हवा आत ओढायची, मान वाकडी करायची, ‘अवघड आहे हं’ म्हणायचे. एवढ्यात ज्याने समजायचे तो समजतो, आणि आमामियाही समजला असता, तोक्योत काही वेगळी माणसे राहत नाहीत. पण त्या दिवशी तेवढेही झाले नाही. कारण बैठकीत पहिली हवा ओढायचा मान ओसोने म्हाताऱ्याचा. राखेलाही पहिली सुरुवात त्याचीच. एकोणनव्वदाव्या वर्षापर्यंत तो मार्चमध्ये एका सकाळी दारात उभा राही, नाक वर करी आणि गाडी काढी. त्याची पहिली काळी रेघ दिसली की बाकीची सहा घरे निघत. तो म्हातारा नोव्हेंबरात वारला होता. त्याच्या जागी त्याचा मुलगा कात्सुजी बसला होता, तो वस्तीचा प्रमुखही झाला होता, आणि तो आपल्या चहाच्या पेल्यात बघत होता.

“नाही ना कोणाला अडचण?” आमामियाने सातही तोंडांकडे बघून पुन्हा विचारले.

कोणीतरी त्याच्या पेल्यात चहा ओतला. आमामियाने चटईला कपाळ टेकवून आभार मानले आणि तो हलक्या मनाने निघून गेला.

आणि हिसाए? पाहुण्यांवर घसा फुटेपर्यंत ओरडणारी, बर्फाच्या यंत्राला काठी दाखवणारी ही बाई? तिने दोन बन खाल्ले आणि मूग गिळून बसली. तिला वाटले, कात्सुजी बोलेल. तो प्रमुख आहे, त्याच्या आधी मी कोण बोलणार. आणखीही एक गोष्ट होती, ती जास्त टोचणारी. आमामियाला ‘नाही’ म्हटले आणि त्याने उद्यापासून येऊ नका म्हटले तर? घरी येऊन तिने कोबी चिरला. कसा चिरला ते विचारू नका.

पाच मार्चला शेतकरी संघाचा कागद घरोघर आला. ‘या वर्षी बर्फ जास्त दिवस टिकला आहे, राख तातडीने टाकावी.’ हिसाएने कागद वाचला आणि कात्सुजीला फोन लावला. कात्सुजी योशिरोचा वर्गमित्र, त्यामुळे त्याच्याशी बोलताना तिची जीभ जास्तच सैल सुटत असे.

“कात्सुजी, राख कधी टाकतोयस?”

“वहिनी, तुमचं काय ठरलं?”

“मी तुला विचारलं.”

“म्हणजे असं बघा, बाबांना जाऊन अजून वर्ष नाही झालं. शोकाच्या वर्षात मीच सगळ्यांच्या पुढे पळालो तर लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणजे कोण रे? सात घरं आहेत! त्यांतलं एक तुझं, एक माझं!”

“पाच उरली की.”

“त्या पाचांना मी विचारलंय. ते म्हणतात, ओसोनेंच्या आधी आम्ही कशी टाकणार!”

“बघा ना,” कात्सुजी दुःखाने म्हणाला. “आणि आमामियांनाही आपण शब्द दिलाय.”

“कोणी दिला? तू दिलास? मी नाही ऐकला!”

“दिला असं नाही. पण घेतला ना त्यांनी.”

“तुझे वडील कॅलेंडर बघत नव्हते, कोणाचं तोंड बघत नव्हते. नाक वर करायचे आणि निघायचे!”

“हो ना. त्यांचं नाकच तसं होतं.”

“आणि तुझ्या तोंडावर काय आहे मग, भोपळा?” असे म्हणून तिने फोन आपटला.

खोऱ्यातल्या सातही घरांत राखेची पोती येऊन पडली होती. सातही गाड्या शेडमधून पुढे काढलेल्या, पेट्रोल भरलेले, यंत्रे जोडलेली, वर निळी ताडपत्री. रोज सकाळी सात घरांचे पडदे सरकत, सात माणसे दुसऱ्यांच्या शेतांकडे बघत, सगळे पांढरेच आहे असे पाहून पडदे परत लावत. आठवडा असा गेला. माणसे वाईट नव्हती, कष्टाला तर कोणी हार जाणारी नव्हती. फक्त स्वतःचे पाऊल आधी पडलेले दिसू नये म्हणून ती आपलाच गहू सडू देत होती, आणि याला नम्रपणा असे नाव होते. हिसाए त्या सातांतली एक होती. तिचाही पडदा रोज सरकत होता.

बारा तारखेला सकाळी तिच्या वाट्याला तैवानच्या चार बायका आल्या. पन्नाशीच्या मैत्रिणी, तीन जणी खिदळणाऱ्या आणि एक गंभीर. गंभीर बाईंचे आडनाव लिआओ. जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलायला जपानी, पण आजीकडून शिकलेले, त्यामुळे जुन्या काळचे, पायघड्या घातल्यासारखे.

“बाई, आपण आम्हास हे वाहन हाकण्यास शिकवाल, अशी विनंती आहे.”

हिसाए क्षणभर ओरडायचेच विसरली. मग तिने नेहमीचे धडे दिले. उजव्या अंगठ्याने वेग, डाव्या हाताने ब्रेक, उतारावर आडवे जाताना वजन डोंगराच्या बाजूला, थांबायचे तर पुढच्या गाडीपासून चार गाड्यांचे अंतर. लाल झेंड्यांच्या काठ्या लावल्यात त्यांच्या पलीकडे कोणी जायचे नाही, तिकडे पेरलेले आहे. बर्फ दाबला गेला की खालचे पीक गोठते.

“झेंडा ओलांडला तर?” लिआओबाईंनी विचारले.

“तर मी तुम्हाला तिथेच पुरेन.”

लिआओबाईंनी ते मैत्रिणींना जसेच्या तसे सांगितले. तिघींनी टाळ्या वाजवल्या.

मैदान ओलांडून पाचही गाड्या टेकडी चढल्या. वळणावर खिदळणाऱ्यांपैकी एकीने अंगठा पूर्ण दाबला, गाडी उधळली आणि ती बाई कापसात पडावी तशी बर्फात नाहीशी झाली. हिसाएने तिला कॉलर धरून वर काढले, नाकातला बर्फ पुसला आणि असे काही सुनावले की झाडावरचा कावळा उडाला. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. परत बसली, आणि या वेळी अंगठा शहाण्यासारखा दाबला. वरून सगळे खोरे पांढरे दिसत होते. मैत्रिणी फोटो काढत सुटल्या. हिसाएला ते पांढरे बघवत नव्हते.

चहासाठी ती नेहमी आपल्याच शेताच्या कडेला, लार्चच्या झाडांच्या आडोशाला थांबे. लिआओबाईंनी पेला दोन्ही हातांत धरून विचारले, “या शुभ्रतेच्या खाली काय बरे असावे?”

“गहू. माझा.”

“पाहण्यास मिळेल का? आमच्याकडे कांद्याच्या पातीचे मळे आहेत. पिकाची मला आवड आहे.”

हिसाएला बरे वाटले. पाहुणे उंचीबद्दल विचारत, थंडीबद्दल विचारत, अस्वल दिसेल का ते विचारत. पिकाबद्दल कोणी विचारत नसे. तिने गाडीच्या मागचे फावडे सोडले, लाल झेंडा स्वतःच ओलांडला, दोन पावले आत जाऊन खणायला लागली. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि शेवटचा बर्फ हाताने बाजूला केला. खाली हिरवी पाती दिसायची. दरवर्षी दिसतात, जमिनीला टेकलेली, पण हिरवी. पाहुण्यांना ती दाखवून ‘बघा, झोपलाय’ असे म्हणायचे तिने मनात ठरवूनही ठेवले होते.

पाती करडी होती. त्यांच्यावर पांढऱ्या तंतूंची जाळी होती, आणि बोट लावल्यावर ती उकडलेल्या पालकासारखी बोटाला चिकटून आली.

ती उठली, पाच पावलांवर जाऊन दुसरा खड्डा खणू लागली. तिथे अर्धी हिरवी, अर्धी करडी. कुबट वास. तिसरा खड्डा तिने खणला नाही.

“हे असेच असते का?” लिआओबाई वरून वाकून बघत होत्या.

“नाही. हे सडायला लागलंय.”

“उपाय नाही?”

“आहे. बर्फावर काळी राख टाकायची. ऊन धरतं, बर्फ लवकर जातो.”

“राख मिळत नाही?”

“साठ पोती पडलीत घरी.”

“यंत्र मोडले आहे?”

“उभंय, जोडून.”

“मग?”

“अजून कोणी टाकलेली नाही,” हिसाए म्हणाली.

लिआओबाईंनी चष्मा पुसला. त्यांना खरेच कळले नव्हते. “ते जे कोणी आहेत, त्यांची आपणास परवानगी लागते का?”

“नाही.”

“मग ते कोणाची वाट पाहत आहेत?”

“एकमेकांची,” हिसाए म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून ते वाक्य मोठ्याने ऐकल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमामियाचा राग आला, कात्सुजीचा आला, मेलेल्या ओसोने म्हाताऱ्याचाही आला की एवढी वर्षे एकट्याने नाक वर करून बाकीच्यांची नाके निकामी केली. आणि सगळ्यांत जास्त राग त्या दोन बनांचा आला, जे तिने मुकाट्याने चावून गिळले होते.

“आमच्याकडे पूर येतो तेव्हा पाटाचे दार कोणी उघडायचे यावरून असेच होते,” लिआओबाई म्हणाल्या.

“मग?”

“मग मळा वाहून जातो.”

हिसाएने फावडे बांधले. पण पाहुण्या दूरवरून आल्या होत्या, आणि अर्ध्यातून माघारी नेणे तिच्या हाडात नव्हते. ठरलेला सगळा रस्ता तिने त्यांना फिरवला, ओढ्याचा उतार दाखवला, सपाटीवर मनासारखे पळू दिले, नेहमीच्या दुप्पट ओरडली. शाळेत आणून सोडले, हेल्मेटे मोजून घेतली, लिआओबाईंना वाकून नमस्कार केला. मग घरी गेली आणि ताडपत्री ओढून काढली.

दुपारी एकची वेळ, लख्ख ऊन. तिने पहिली फेरी घराजवळून न करता टेकडीच्या कडेने केली, जिथून ती सगळ्यांना दिसेल. मागे पंखा घुं घुं करत राख उडवत होता आणि पांढऱ्यावर दहा मीटर रुंदीचा काळा पट्टा पडत होता. दुसरी फेरी संपत असताना आमामिया कंपनीच्या गाडीवरून दोन्ही हात हलवत आला. झेंड्यांच्या ओळीशी मात्र थांबला. तेवढे तिने त्याला शिकवले होते.

“हिसाए-सान! आठ दिवस! फक्त आठ दिवस राहिले होते!”

“गव्हाला विचारा थांबतो का!”

“शाळेच्या खिडकीतून सगळं दिसतंय! उद्या वीस माणसं येताहेत! तुम्ही सगळे हो म्हणाला होता!”

“कोणी म्हणालं हो? एकाने तरी म्हटलं?”

“नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं!” आमामियाचा आवाज चिरकला. “मी दोनदा विचारलं होतं! दोनदा!”

त्याने खरेच दोनदा विचारले होते. म्हणूनच तिचा राग आणखी भडकला, आणि तिने त्याच्याकडे पाठ करून अंगठा दाबला.

तिसऱ्या फेरीला तिला दुसऱ्या इंजिनाचा आवाज आला. कात्सुजी. त्याच्या मागून नदीकाठचे घर, त्याच्या मागून वळणावरचे. चार वाजेपर्यंत सहा गाड्या सहा शेतांत घोंघावत होत्या, सातवीचा पट्टा तुटला होता म्हणून ती राहिली. संध्याकाळी ते एक शेत सोडून खोरे या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे झाले होते. बांधावरून जाताना प्रत्येकाने तिला हात केला. कात्सुजीने तर टोपी काढून हलवली. तिने एकालाही उत्तर दिले नाही.

रात्री जेवणाच्या वेळेला आमामियाचा फोन आला. अतिशय मृदू आवाजात तो म्हणाला, “तुम्ही दमला असाल. या मोसमात आता आराम करा.” आराम करा म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळते. “बरं,” म्हणून तिने फोन ठेवला. भात तसाच ताटात राहिला. तिला वाईट वाटले, फार वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

पण खरा कहर दुसऱ्या दिवशी झाला. सकाळी कात्सुजी दारात उभा. अंगात धुतलेला कोट, हातात मिठाईचा खोका, मागे आणखी पाच जण, सगळ्यांचे केस विंचरलेले.

“चला वहिनी, आमामियांकडे जरा माफी मागून येऊ.”

“कशाची?”

“तुम्ही सुरुवात केलीत ना.”

“आणि तुझ्या शेतात काय कावळे बसलेत काळे?”

“आम्ही तुमच्या मागून टाकली, वहिनी.”

“मागून टाकली की राख पांढरी होते का रे?”

“तसं नाही. पण कोणीतरी सुरुवात केली म्हणून बाकीच्यांना टाकावी लागली, असं सांगता येतं. तुम्ही एकट्या पडू नका म्हणून तर आम्ही सगळे आलोय. सगळे मिळून वाकू. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी!” तिचा आवाज इतका चढला की मागचे दोघे पायरी उतरले. “माझ्या चुकीसाठी तुम्ही सहा जण वाकणार?”

“चूक हा आपला सांगायचा शब्द,” कात्सुजी म्हणाला. तो मनापासून बोलत होता. आपण शेजारधर्म पाळतो आहोत असे त्याला खरेच वाटत होते, आणि याचीच तिला सर्वांत जास्त चीड आली.

ती गेली. बूट घातले, कोटही बदलला नाही, आणि त्यांच्या पुढे चालत शाळेत गेली.

जुन्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आमामिया बसला होता. डोळे सुजलेले. सहा जण भिंतीशी रांगेत उभे राहिले. कात्सुजीने घसा साफ करून सुरुवात केली, “सावागुची-सान यांच्या हातून जरा घाई झाली, त्याबद्दल वस्तीच्या वतीने...” आणि सहाही पाठी एकदम वाकल्या. हिसाए ताठ उभी होती.

आमामियाने तिच्याकडे पाहिले.

“मी पण माफी मागणार आहे,” ती म्हणाली. “पण राख टाकल्याची नाही. राख मी पुढच्या वर्षीही टाकणार, आणि या वेळेहून आधी टाकणार. तुम्ही बैठकीत दोनदा विचारलंत, अडचण आहे का. अडचण होती. मला माहीत होती, या सगळ्यांना माहीत होती. आणि मी तुमचे बन खात बसले. तुम्हाला फसू दिलं. त्याची माफी मागते.”

आणि ती वाकली, कमरेतून, खाली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

वर उठून तिने रांगेकडे पाहिले. सहा जण अजून वाकलेलेच होते, कारण आता कधी उठायचे ते कोणाला समजत नव्हते. कात्सुजीची मानेची मागची बाजू लाल झाली होती.

आमामिया हळू म्हणाला, “मला वाटत होतं, शेताची कामं लवकर सुरू करता यावीत म्हणून राख टाकतात. सोयीसाठी. गहू मरतो हे मला माहीत नव्हतं.” त्याने एकेका वाकलेल्या पाठीकडे पाहिले. “पाच वर्षं मी इथे राहतोय. गहू मरतो, हे मला कोणी सांगितलंच नाही.”

हिसाएने पाच वर्षे त्याला गाडी शिकवली होती, उतार शिकवले होते, झेंडे शिकवले होते. झेंड्यांच्या पलीकडे पाय टाकायचा नाही म्हणून हजारदा ओरडली होती, आणि पलीकडे जे आहे ते कसे जगते, एवढेच सांगायचे राहिले होते. तिने कंपनीच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली. परत या असे तो म्हणाला नाही, आणि ती त्याला म्हणायला लावणार नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्फ उतरला. हिसाएच्या आठ हेक्टरांपैकी पाच हिरवे निघाले. टेकडीच्या सावलीतले तीन तपकिरी, चिखलाला चिकटलेले. तिने ते नांगरून टाकायला ट्रॅक्टर काढला आणि पहिल्या फेरीपासून शिव्या द्यायला लागली. बांधावर कात्सुजी आला. त्याचेही चार गेले होते. त्याने टोपी काढली, हातात फिरवली. तिने इंजिन बंद केले.

“वहिनी, काल आम्ही बसलो होतो सगळे,” तो म्हणाला. “सगळ्यांचं एकमत झालं. बाबांसारखं नाक आता तुमचंच. पुढच्या वर्षीपासून पहिली राख तुम्ही टाकायची. तुमची रेघ दिसली की आम्ही निघू.”

हिसाए ट्रॅक्टरवरून खाली उतरली. तिला आधी वाटले, आपण चुकीचे ऐकले. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यावर सुटका होती, आणि थोडा अभिमानही होता, मोठा मान देऊन आल्यासारखा.

“आणि मला ताप आला तर?” ती ओरडली. “मी पडले तर? मी फेब्रुवारीत मेले तर रे?”

कात्सुजी विचारात पडला. त्याने दातांतून सावकाश हवा आत ओढली, मान वाकडी केली.

“अवघड आहे हं,” तो म्हणाला. “मग बैठक घ्यावी लागेल.”